दुसऱ्या भागाची हमी

आईने आयुष्यात एकाच सिनेमाची हमी घेतली, आणि तीही तो न बघता. तेव्हा मी सहावीत होते. जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि आमचं गाव कसालपासून आत, चालत अर्ध्या तासावर होतं. बाबा शाळेत मास्तर. शाळेत शुद्ध बोलायचे, घरी मालवणी, आणि दोन्हीकडे शेवटचा शब्द त्यांचाच.

आई बांद्याची. तिथे तिचं माहेरचं घर बाजारात, भावाचं दुकान, आणि लग्नाआधी तिने सिनेमे बघितले होते ते भरपूर. आमच्याकडे आल्यावर ते बंदच पडलं. मी चौथीत असताना एकदा बाबा आम्हा दोघींना तालुक्याच्या थिएटरात घेऊन गेले, तेही ती महिनाभर मागे लागली म्हणून. सिनेमा जादूचा होता. बुडालेलं राज्य, उडणारा घोडा, आणि जादूगाराने दगड करून टाकलेली राजकन्या. घोडा उडाला आणि त्याच्या पाठीवरची तार लख्ख दिसली. बाबा मोठ्याने हसले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आईने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मध्यंतर झालं तसे बाबा म्हणाले, "उठा. पुरे झाला."

एसटीत त्यांनी आमची शिकवणीच घेतली. बाबा दशावताराचे वेडे. दशावतारात साधं लाकडी बाकडं मांडतात, राजा त्यावर बसतो आणि ते सिंहासन होतं. "बाकडो समोर दिसता, कोण लपवणा नाय. म्हणान तो माका चलता," ते म्हणाले. "हे दोरी लपवतत आणि ती दिसता. माका काय खुळो समजतत?" त्या दिवसापासून आमच्या घरात थिएटरचं नाव निघालं नाही. राजकन्या दगडाची झाली होती, ती आमच्यापुरती दगडच राहिली.

दोन वर्षांनी त्याच सिनेमाचा दुसरा भाग आला. कसालच्या बाजारात भोंगा लावलेली रिक्षा कागद वाटत फिरली. आईने तो कागद घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाबा जेवत असताना ती त्यांच्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "दुसरो भाग बरो आसा म्हणतत. पयल्यापेक्षा लय बरो."

"तुका कोणी सांगल्यान?"

"माझ्या भावान निरोप धाडल्यान. तो गोव्यात बघून इलो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला गालगुंडं झाली होती म्हणून आठवडाभर मी घरातच होते. बांद्याहून कोणी आलं नव्हतं, की कोणी निरोप आणला नव्हता. पण मामाचा शब्द बाबा मानायचे, कारण मामा कधी वायफळ बोलत नसे. बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, "बरा, बघूक जावया. पण ह्यो पण तसलोच निघालो, तर परत माझ्याकडे नाव काढूचा नाय. कधीच."

झालं. तिथून रविवारपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. आमटी दोनदा खारट झाली. शनिवारी ती देवळात जाऊन देवाला गाऱ्हाणं घालून आली, नारळासकट. सिनेमा तर केव्हाच बनून डब्यात बंद झालेला, देव बिचारा त्यात आता काय बदल करणार? पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मला आणखी एक धास्ती होती. मधेच मामा उगवला आणि बाबांनी त्याला विचारलं, तर? दुपारी वाटेवर कोणी दिसलं की मी आधी दारात धावायचे.

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही बसलो. आधी बाबा, मग आई, मग मी. आईने आंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळला होता. अंधार झाला आणि तिने माझं मनगट धरलं, ते सोडलंच नाही. तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या हातावर उमटले होते. मला मात्र सिनेमा आवडत होता, खरंच आवडत होता. घोडा उडायची वेळ आली तेव्हा मलाही ती तार आठवली. पण या वेळी तो दाखवलाच नाही. नुसती त्याची सावली शेतांवरून सरकत गेली, आणि खाली माणसं माना वर करून बघत राहिली. बाबा हसले नाहीत.

मध्यंतराला दिवे लागले आणि बाबा उठले. सरळ बाहेर गेले. आई खुर्चीच्या कडेवर आली, पिशवी मांडीवर घेतली, चपला पायात सरकवल्या. उठायला सांगतील म्हणून ती तयारीतच होती. घंटा झाली, दिवे गेले, तरी ते येईनात. मला वाटलं, बाबा आम्हाला सोडून स्टँडवर गेले. मग अंधारात त्यांचा आवाज आला, "सरका जरा," आणि तीन पुड्या भाजलेल्या शेंगदाण्यांच्या.

शेवटी तर बाबांनी मुठीतले दाणे तोंडात टाकलेच नाहीत. चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला.

परतीच्या एसटीत ते कंडक्टरलाही सोडेनात. "घोडो दाखवल्यानीच नाय. नुसती सावली. आणि तरी माका घोडो दिसलो." मामाचा निरोप त्यांनी कधी तपासला नाही. घरातली बंदी उठली आणि पुढे आम्ही पुष्कळ सिनेमे बघितले, आईने तर मनसोक्त. बाबा मात्र त्या एकाचंच कौतुक सांगत राहिले, सावलीचं. दरवेळी आईकडे वळून विचारायचे, "आठवता मां गो?" ती म्हणायची, "आठवता तर."

बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हा मी गावी होते. पडवीत दोघी काजू सोलत बसलो होतो. आईने मान वर न करता विचारलं, "ता दगडाचा चेडू मगे जिता झाला काय गो?"

मला आधी कळेचना. मग ती दगड झालेली राजकन्या आठवली. म्हटलं, "अगे, तू माझ्या बाजूकच होतंस मां?"

"मी खंय बघलंय? मी तीन तास ह्यांच्या तोंडाकडे बघी होतंय."

मला एकदम तिचा आंबाडा आठवला. खरंच, त्या दुपारी मला तिचा चेहरा दिसलाच नव्हता, अबोलीच तेवढी दिसत होती. आणि मी शेजारी बसून मजेत सिनेमा बघत होते. माझी मलाच लाज वाटली.

"झाला गो आई," मी म्हटलं. "जिता झाला. शेवटाक उठून चालाक लागला."

तिच्या हातातला काजू तसाच राहिला.

"ह्यांच्या डोळ्यांत पाणी बघलंय," ती म्हणाली, "आणि माका वाटला, चेडू मेला. म्हणान मी कधी इचारलंयच नाय."