तायड्यांची जुनी चिप

सोनाळ्याचे रेडिओ मेकॅनिक चंद्रशेखर तायडे आणि शेजारचे पंजाबराव मास्तर, दोघांकडे टीव्हीला जोडायचा एकसारखाच चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर. मास्तरांनी त्यातली जुनी चिप काढून वेगवान प्रोसेसर बसवला अन् बघायला गाव लोटलं. तायड्यांच्या पोटात दुखू लागलं. मेकॅनिक मी, अन् गर्दी त्याच्या दारात? आठवड्यात त्यांनीही तसाच बसवला. पण त्या वेगात दोघांचा लाडका विमानांचा खेळ इतका सुसाट पळे, की बटण दाबायच्या आत विमान आपटे.

मास्तर आले. "माही जुनी चिप काढतानाच मोडली. तुही जुनी परत बसव ना बे, दोघं मिळून खेळू."

म्हणजे वेगवान प्रोसेसर पुन्हा एकट्या ह्याच्याच घरी, अन् गर्दीही!

"म्या त फेकून देली," तायडे म्हणाले. चिप खिशातच होती. जन्मात साधा स्क्रूही न फेकलेले तायडे मास्तरांची पाठ वळताच ती विहिरीत टाकून आले.