लाकडी माशांची शिनाख्त

निजामाच्या अख्ख्या मुलखात माशांची पारख माझ्या दाजींइतकी कुणालाच नव्हती, असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त ते मासे लाकडाचे असायला हवेत. खरा मासा दाजींनी कधी हातात धरला नव्हता आणि खायची तर गोष्टच सोडा; गळ्यात तुळशीची माळ होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हिंगोलीच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देणारे अर्जनवीस. आमचे वडील लवकर गेल्यामुळे मी त्यांच्याकडेच वाढलो. हिंगोलीला पूर्वी इंग्रजांची छावणी होती. तिथले साहेब कयाधूच्या डोहावर गळ टाकून बसायचे आणि मोठ्या माशाला फसवायला गळाला लाकडाचा रंगवलेला छोटा मासा बांधायचे. छावणी उठली, साहेब गेले आणि हे मासे भंगारवाल्यांच्या टोपल्यांत मोडक्या कुलुपांखाली येऊन पडले. तिथून ते दाजींनी वर काढले.

मासा हाती आला की दाजी तो आधी हुंगायचे, मग नखानं वाजवून कानाशी धरायचे. डोळा काचेचा आहे की नुसता रंगाचा, पोटात शिसं भरलंय का, पाठीवर खऱ्या माशाचे दात उमटलेत का, हे बघून झालं की आंघोळीच्या घंगाळात त्याला सोडायचे आणि तो कुठल्या कुशीवर कलतो ते न्याहाळत बसायचे. बहीण आणि मी तोवर पंचे खांद्यावर टाकून उभे. या सगळ्या प्रकाराला ते कोर्टाच्या भाषेत ‘शिनाख्त’, म्हणजे ओळख पटवणं, म्हणत, आणि शिनाख्तीत भिडेला जागा नव्हती. एका जिवलग मित्रानं जवळा बाजार गावाहून मोठ्या हौसेनं आणलेला मासा त्यांनी पलंगाच्या खुराचा तुकडा ठरवला. मित्र पुढं त्यांना बघितलं की दिसेल त्या दुकानात शिरायचा. बहिणीनं समजावून पाहिलं, तर म्हणाले, “खोटं मी अर्जात लिहितो. माशाच्या बाबतीत जमनार न्हाई.”

असे हे दाजी मला मुलगी दाखवायला हट्टा गावाला घेऊन गेले. निघताना बहिणीनं त्यांच्याकडून माशांबद्दल चकार शब्द काढणार नाही असं कबूल करून घेतलं होतं, आणि सुरुवातीला तरी दाजींनी शब्द पाळला. मुलगी आली, खाली मान घालून बसली. मला ती पाहताक्षणी आवडली. पण तिच्या मागं पाळणा होता, पाळण्यात तिचा धाकटा भाऊ झोपला होता आणि वर दोरीला एक लाकडी मासा टांगलेला होता. दाजी तिकडे बघतायत हे मुलीच्या वडिलांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो सोडून स्वतःच दाजींच्या हातात ठेवला. या पाटलांचे वडील छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला होते. पाटील स्वतः पाळण्यात असतानाच ते वारले. हा मासा त्यांना साहेबानं खूश होऊन इनाम दिलेला. आल्यागेल्याला दाखवायची घरातली हीच एक गोष्ट.

दाजींनी मासा हुंगला. वाजवला. मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावला, तर त्यांनी सरकून मला जागा करून दिली. मग पाणी मागितलं. मुलगीच तांब्या-परात घेऊन आली. पाण्यात मासा सपशेल आडवा पडला. दाजींनी तो उपरण्यानं पुसला आणि बराच वेळ उजेडात धरला.

“पाटील, हा साहेबाचा न्हाई,” ते म्हणाले. “लाकूड आपल्या बाभळीचं हाय. डोळ्याला गुंज बसवलीय.”

पाटलांचा चेहरा उतरला. माझं लग्न मोडल्यात जमा होतं. दाजी मात्र माशावरून अंगठा फिरवत होते.

“वडील डावखुरे व्हते काय?”

“व्हय,” पाटील सावकाश म्हणाले. “माय सांगायची तसं.”

“चाकू समदा डाव्या हातानं चाललाय. आन् गळ अडकवायला जागाच ठेवली न्हाई. मासे धराया केलाच न्हाई हा. लेकरासाठी केलाय. तुमच्यासाठी.”

पाटलांनी मासा घेतला, उलटासुलटा केला, आणि दाजींचा अंगठा फिरला होता तिथं आपला अंगठा ठेवला.

“वडलांच्या हातचं घरात काईच न्हाई, असं म्हनत आलो मी,” ते म्हणाले. मुलीनं परात उचलली आणि ती आत गेली.

लग्नाची बोलणी त्यानंतर नेमकी कधी झाली ते मला सांगता येणार नाही. ठरलं एवढं खरं. परतताना गाडीत मी दाजींना म्हटलं की अशी शिनाख्त तुम्ही आजवर केली नव्हती. ते खूश होतील असं मला वाटलं होतं.

“पेटीभर मासे हायेत घरी,” ते म्हणाले. “कुन्या बंगल्यातला कोनता, समदं सांगतो मी. पन कुनी कोरला, कोनत्या लेकरासाठी कोरला, ते एकाचं बी न्हाई सांगता येत.”

बहिणीला आणि त्यांना मूल नव्हतं. औंढ्याची चढण लागली तसे आम्ही दोघं खाली उतरलो आणि बैलांना ओझं नको म्हणून गाडीच्या मागून चालत राहिलो.