मुरमाचा उंचवटा

आमच्या वाटणीची गोष्ट मी सांगायला लागले की लोक उठायची घाई करतात, म्हणून थोडक्यात सांगते. नवऱ्याची तेरवी होऊन काही दिवस झाले होते. दिराने कागद समोर ठेवला आणि मी सही केली. त्या दिवसांत कुणीही काहीही समोर ठेवलं असतं तरी मी सही केली असती. विहिरीजवळची काळी जमीन त्याच्याकडे गेली, तळ्याकाठचा मुरमाड पट्टा माझ्याकडे आला. तिथे नांगर लावला की मातीआधी दगड वर येतात. भानावर आल्यावर विहिरीजवळचा एक तुकडा तरी द्या म्हणून मागून पाहिलं, तो मिळाला नाही. दीर आजही म्हणतो, "वयनी, तुमच्या सहीनंच झालं सारं." ते खरं आहे, आणि म्हणूनच ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

त्या पट्ट्यावर मी भाजी काढली. वेचलेले दगड बांधाला लावले, मिळेल तिथून शेणखत भांडून आणलं. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. थोडा माल तिवस्याला, बाकीचा अमरावतीला. माझा कमी पडला तर गावातल्या कुणाची उभ्या भाजीची वाडी घेऊन तीही विकली. भावात मी कुणाला सोडत नाही. माझी युक्ती साधी आहे. जे घ्यायचं त्याला हात लावायचा नाही. मेथीची वाडी हवी असेल तर आधी शेजारच्या पालकावर तासभर घासाघीस करायची आणि कंटाळल्यासारखं करून मेथीकडे वळायचं. समोरच्याला तुमची गरज कळली की भाव त्याच्या हातात जातो. या युक्तीवर मी घर चालवलं. बाजारात माझं नाव आहे, पण ते कुणी प्रेमाने घेत नाही.

पाखरांशी माझं आधी वैरच होतं. वाटाण्याला शेंगा धरल्या की मी दिवसभर डबा वाजवत बांधावर बसायची. कार्तिकातली कौंडण्यपूरची जत्रा आटोपली की तळ्यावर बदकं उतरतात. आम्ही त्या सगळ्यांनाच बदक म्हणायचो. एका हिवाळ्यात अमरावतीहून काही लोक कॅमेरे घेऊन आले आणि फोटोच्या नादात थेट माझ्या सांभारात उभे राहिले.

"निघा बाहेर! तुमच्या बापानं पेरला काय सांभार?"

बाकीचे पळाले. केस पांढरे झालेल्या एक निवृत्त शिक्षिका तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, "चूक झाली. तुडवला तेवढ्याच्या जुड्या बांधा, सगळ्या घेते." मी बाजारापेक्षा चढा भाव सांगितला. त्यांनी तो हूं की चूं न करता दिला आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात ठेवली. "आता बघा, कशासाठी तुडवला ते."

पाण्याच्या कडेला एक जोडी होती. एरवी मला तिथे मातकट ढेकूळ दिसलं असतं. दुर्बिणीतून ते अंग भगवं निघालं, डोकं फिकट, पंखात हिरवी चमक. चक्रवाक. बाईंनी नाव सांगितलं, पण मी ऐकत नव्हते. इतकी वर्षं हे माझ्या वावराला लागून होतं आणि मी डबा वाजवत होते.

पुढच्या खेपेला बाईंनी त्यांची जुनी दुर्बीण आणली. फुकट घेणं माझ्या स्वभावात नाही. हिवाळाभर भाजी, असा सौदा ठरला. त्यांनी मला नोंद ठेवायला शिकवलं. सकाळी तोडणीआधी तळ्याच्या पाळीवरून चक्कर मारायची, कोणता पक्षी, किती, काय करतो, हे मोबाईलमध्ये टाकायचं. संध्याकाळी त्या ते तपासायच्या. माझ्या चुका भरपूर व्हायच्या. तलवार बदकाची मादी मी भलत्याच नावाने टाकायची आणि फोनवर हुज्जत घालायची.

"रंगावर जाऊ नका, शेपटी बघा, मान बघा," त्या म्हणायच्या.

"मी डोळ्यानं पाहिलं ना, बाई!"

"पुन्हा बघा. भांडून पक्षी बदलत नाही."

काहीच दिसलं नाही तर तसंही टाकायचं, हे मला सगळ्यात जड गेलं. रिकाम्या टोपलीची नोंद मी आयुष्यात कधी ठेवली नव्हती.

आमच्या तळ्याच्या मध्यभागी मुरमाचा एक उंचवटा आहे. पावसाळ्यात तो बुडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडा पडतो. मागच्या उन्हाळ्याआधी त्यावर नदीसुरय पक्षी उतरले. काळी टोपी, पिवळी चोच, राखाडी लांब पंख, शेपटी दुभंगलेली. ते बसतात कमी, पाण्यावर घिरट्याच जास्त घालतात. फोटो पाठवला तेव्हा बाई घाईघाईने बोलल्या, तशा त्या कधी बोलत नाहीत. "अंडी असतील बरं का. घरटं बांधत नाहीत, उघड्या मुरमावरच घालतात. जवळ जाऊ नका. आपल्याकडच्या तळ्यांवर हे आता क्वचित दिसतं." मी पाळीवरूनच पाहत राहिले. दुपारी उन्हाने मुरूम भाजून निघायचा तेव्हा मादी उडून पाण्याला पोट टेकवायची, ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

त्याच उन्हाळ्यात गावाला तळ्यातला गाळ काढायची मंजुरी मिळाली. खोदायला जेसीबी सरकारचा, वाहून न्यायला ट्रॅक्टर ज्याचा त्याचा. गाळ म्हणजे काळं सोनं. तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीच्या बाजूला तो लोण्यासारखा साचलेला आहे. माझ्या मुरमाडावर त्याचा थर पडला असता तर तो पट्टा काळ्या वावराच्या तोडीचा झाला असता. वाटणी झाल्यापासून मी ज्याच्यासाठी जळत होते तेच हे. पण तळं साफ करायचं म्हणजे उंचवटाही जाणार होता. बाई म्हणाल्या, अर्ज करू. मी म्हटलं, अर्जाला उत्तर येईपर्यंत अंडीही राहणार नाहीत आणि उंचवटाही.

मी माझ्या पद्धतीने ठरवलं. पाळीवरच्या निंबाखाली बैठक बसली, कुणी कुठला गाळ घ्यायचा ते ठरवायला. बैठकीत दिराचा शब्द चालतो आणि तो मला चांगलं ते कधी देणार नाही, यावर मी माझं घर गहाण ठेवलं असतं. म्हणून मी उंचवट्याचं नाव काढलं नाही. मोरीकडच्या गाळासाठी भांडले.

"मोरीकडला गाळ मले पाहिजे. मायं वावर मुरमाड हाये. ज्याचं आधीच काळं हाये त्याले कायले पाहिजे अजून?"

त्याने नाही म्हणायचं, मी आरडाओरडा करायचा, तहसीलची धमकी द्यायची आणि शेवटी हरल्यासारखं करून उंचवट्याची बाजू पदरात घ्यायची. मग तिथे मशीन लावायचंच नाही. सगळं बसवून आले होते.

दीर काडीने दात कोरत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "घ्या मंग."

"काय?"

"घ्या म्हणतो ना, वयनी. मोरीकडला तुमी घ्या. मी उंचवट्याकडून काढतो. वावरात जायच्या रस्त्याले मुरूम लागतेच मले."

"जिंकली बाप्पा बाई!" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. दिराने चुन्याच्या फक्कीची पिशवी उचलली आणि काठावरून आपली जागा आखायला गेला.

घरी आले. भाकरी गेली नाही. हवं ते मिळालं होतं, तेही भांडून, चारचौघांत. मी मनाला पुष्कळ समजावलं. पाखरं पुढच्या साली दुसरीकडे घालतील अंडी. बाई मला दोष देणार नाहीत. माझी काळी माती हक्काने माझी आहे. यातलं काहीही खोटं नव्हतं. सकाळी नोंदीला पाळीवर गेले. मादी पाण्याला पोट टेकवून परतत होती. पलीकडे पाळीवर मशीन येऊन उभं होतं. मी चक्कर अर्धी टाकून दिराच्या अंगणात गेले. तो ट्रॉली जोडत होता.

"भाऊजी, अदलाबदल करू. मोरीकडला तुमी घ्या, उंचवटा मले द्या."

त्याने पाना खाली ठेवला. "काहून?"

"लागते."

"मुरमाडावर मुरूम टाकता काय?"

"तुमाले काय करायचं? चांगला गाळ देऊन राहिली ना?"

"तेच तं. तुमी चांगलं सोडून वाईट घेत नाई, वयनी. त्यात काईतरी हाये."

"काई नाई."

"मंग तं नक्कीच हाये."

इतकी वर्षं कमावलेलं नाव असं आडवं आलं. आणखी बोलून उपयोग नव्हता. "चला संग," म्हटलं.

चपला हातात घेऊन आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो. उंचवटा जवळ आला तसे सुरय ओरडत अंगावर आले. एकाने दिराच्या डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यावर चोच मारली. तो शिवी देत वाकला आणि पाऊल टाकणार, तेवढ्यात मी त्याचा दंड धरला.

"पाय ठेवू नका. पाहा."

त्याला आधी काही दिसलं नाही. अंडी मुरमाच्याच रंगाची होती. दिसली तेव्हा तो मागे सरला. आम्ही पाण्यात लांब जाऊन उभे राहिलो. मादी पाण्यावर उतरली, भिजली, परत येऊन बसली. पोटाखालून पाणी ठिबकत होतं.

"हे काय करून राहिली?"

"अंडे थंडे करून राहिली. नाई तं उनानं शिजतात."

तो बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "याच्यासाठी?"

"हो."

"मंग सभेत काहून नाई सांगितलं? मांगून तं पाहायचं."

"मांगितलं होतं," मी म्हटलं. "विहिरीजवळचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडेही पाहत नव्हता. हातातल्या चपला झटकल्या आणि काठाकडे चालायला लागला. काठावर पाय धुताना म्हणाला, "उंचवटा तुमचा. मोरीकडला गाळ माया."

मी क्षणभर थांबले. वाटलं, तो म्हणेल, गाळही राहू द्या तुमच्याकडेच. तो म्हणाला नाही. त्याच्या जागी मीही म्हटलं नसतं.

उंचवट्यासमोरच्या काठावरची त्याची फक्की मी पायाने पुसली आणि पाण्याच्या कडेने, दूरवरून, माझी ओढली. जेसीबीवाल्याने विचारलं, "बाई, इथं देव हाये काय?" मी म्हटलं, "असंच समज, आणि मशीन इकडे आणू नको." मोरीकडच्या गाळाच्या ट्रॉल्या माझ्या बांधावरून त्याच्या वावरात जात राहिल्या. धूळ माझ्या पालकावर बसत होती. गाव म्हणत होतं, बाई दुसऱ्यांदा फसली. मी कुणाला काही सांगितलं नाही. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आजची नोंद केलीत का?"

एक अंडं कावळ्याने नेलं. एक फुटलंच नाही. एक पिल्लू जगलं. ते मुरमात बसलं की दुर्बिणीतूनही सापडायचं नाही. रोज सकाळी ते सापडेपर्यंत माझी तोडणी थांबायची.

ज्या सकाळी ते उडालं त्या सकाळी मी दगड वेचत होते. ते पाण्यावरून वाकडंतिकडं गेलं आणि पलीकडे चिखलावर धडपडत उतरलं. बांधापलीकडे दीर फावड्याने गाळ पसरत होता, काळ्या मातीवर आणखी काळी माती. त्याने हात थांबवून तळ्याकडे पाहिलं.

"वयनी," त्याने हाक मारली, "उडालं काय?"

माझी नजर त्याच्या पायाखालच्या मातीवर होती.

"उडालं," मी म्हटलं, आणि पुढचा दगड उचलला.