साच्यातलं गाजर

इस्पितळात तिला सगळे काटेबाई म्हणत. स्वभावावरून नव्हे, निदान तिच्या तोंडावर तरी तसं कुणी म्हणत नसे. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम जेवणाचा एक काटा असे. ज्यांना चावता येत नाही अशा रुग्णांचं जेवण ठरवणं हे तिचं काम, आणि प्रत्येक कण काट्याच्या दोन दातांमधून जाईल एवढाच बारीक हवा, हा तिचा कायदा. कण मोठा राहिला तर माणसाला ठसका, फार पातळ झालं तरी ठसका. "मऊ हवं, ओलं हवं, पण पाणी सुटलेलं नको," असं ती बावीस वर्षं मुख्य आचाऱ्याला बजावत होती. तोही बावीस वर्षं "आता मला स्वयंपाक शिकवा!" असं कुरकुरत अगदी तसंच करून देत होता.

तिचा दुसरा कायदा असा, की काही म्हणजे काही एकत्र कालवायचं नाही. मासा वेगळा, बटाटा वेगळा, गाजर वेगळं, आणि वाढताना प्रत्येकाचं नाव घ्यायचं. हा कायदा तिच्या वडिलांपायी झालेला. ते सुतार होते. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिने त्यांच्या वाट्याला सगळं एकत्र घुसळलेला करडा लगदा आला. ते रोज पाटीवर लिहून विचारत, "हे काय आहे?" आई सांगे, "जेवण आहे." पुढे त्यांनी विचारणं सोडलं. मग जेवणही सोडलं.

पण सुरळीत चाललेलं बघवेल तर ते व्यवस्थापन कसलं? नवे व्यवस्थापक आले, वॉर्डातून एक फेरी मारली, एका ताटात डोकावले आणि नाक मुरडून म्हणाले, "हे आधी कुणीतरी खाल्लेलं दिसतंय." पुढच्याच आठवड्यात एक सल्लागार हजर झाला. त्याने एकही रुग्ण पाहिला नव्हता, पण पडद्यावर दाखवायला चाळीस चित्रं आणली होती.

"रुग्ण आधी डोळ्यांनी जेवतो," सल्लागार म्हणाला.

"जेवू दे की. पण गिळतो तो घशाने," काटेबाई म्हणाली.

"मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ."

शेवटी वेळच उरला नाही.

साचे आले. गाजराचा लगदा गाजराच्या साच्यात, माशाचा माशाच्या. आकार टिकावा म्हणून त्यात कसलीशी पूड घातलेली. पहिलं गाजर साच्यातून निघालं तेव्हा आचाऱ्याने ते ओट्यावर आपटून पाहिलं. "बाई, याने भिंत उभी राहील," तो म्हणाला. काटेबाईने तुकडा चमच्यात घेऊन चमचा उलटा केला. तुकडा पडेना. चमच्याला जे सोडत नाही ते घशाला काय सोडणार? तिने लेखी तक्रार केली. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." म्हणजे कागद खणात गेला. मग ज्यांना ठसक्याचा जास्त धोका, त्यांची ताटं तिने कुणाला न विचारता जुन्याच पद्धतीने चालू ठेवली, आणि बाकीच्यांची परत आलेली ताटं रोज वजनकाट्यावर चढवली. निम्म्याहून जास्त अन्न जसंच्या तसं परत येत होतं. तिकडे व्यवस्थापकांच्या अहवालात मात्र शंभरातले अठ्ठ्याण्णव खूश होते. फॉर्म नातेवाइकांनी भरले होते ना! आणि नातेवाईक घरी जाऊन जेवत होते.

अशात एक दिवस विश्वस्त मंडळ पाहणीला आलं. सोबत फोटोवाला. व्यवस्थापक सगळ्यांना सात नंबरच्या खाटेपाशी घेऊन गेले. तिथला म्हातारा उभं आयुष्य जुन्या सामानाचे लिलाव पुकारत आलेला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर जीभ जड झाली होती, शब्द घरंगळत होते, पण आवाज तसाच खणखणीत.

"आजोबा, बघा, गाजर!" व्यवस्थापक फोटोवाल्याकडे बघत म्हणाले.

लिलाववाल्याने गाजर काट्याला टोचून उंच धरलं. ते ताठ उभं राहिलं.

"आहे का कुणी घेणारं?" त्याने पुकारा केला. "अस्सल गाजर! आजवर कुणाचा दात न लागलेलं!"

"बाबा, गप्प बसा हो," शेजारी बसलेली त्याची लेक कळवळली.

"त्यावर माझा मासा फुकट!" आठ नंबरवाला ओरडला. सगळा वॉर्ड फिदीफिदी हसायला लागला.

"एक बार... दोन बार... साहेब, बोली नका लावू, पण चाखून तरी बघा!"

साहेबांना नेमका त्याच वेळी फोन आला. वाजल्याचं मात्र कुणी ऐकलं नाही. विश्वस्तांमधल्या सगळ्यात वयस्कर बाई पुढे झाल्या. "आणा इकडे," म्हणत त्यांनी गाजराचा चांगला मोठा घास घेतला. दोनदा तोंड हललं, मग हलेना. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काटेबाईने रुमाल आणि पाण्याचा पेला पुढे केला आणि पाठीशी आडोसा धरला. बाई वळल्या तेव्हा त्यांची कवळी जागेवर होती आणि चेहरा लालबुंद.

"हे उद्यापासून बंद," त्या म्हणाल्या. "आणि या बाई काय म्हणतात ते जरा कुणीतरी ऐका."

काटेबाईने नऊ दिवसांच्या वजनांचा कागद त्यांच्या हातात दिला. व्यवस्थापकांनी तो त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

लिलाववाल्याला दुसऱ्या दिवसापासून बारीक केलेला मासा, बटाटा आणि गाजर मिळालं, तिन्ही वेगवेगळं. मासा अळणी आहे यावरून तो रोज तिच्याशी घासाघीस करी, आणि ताट रिकामं करी. दीड महिन्यात तीन किलो वजन चढवून, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी तो घरी गेला.

साचे मात्र गेले नाहीत. पाहुणे आले की फोटोपुरते ते अजून निघतात. वर्षअखेरीला काटेबाईला आहारतज्ज्ञांच्या मोठ्या सभेत बोलायला पाठवलं. तिने चाळीस मिनिटं जीव तोडून सांगितलं: कण केवढा हवा, ओलावा किती हवा, जेवताना माणसाला आपण काय खातोय ते कळणं का गरजेचं, आणि साच्यातलं गाजर ताटातच का राहिलं. टाळ्या झाल्या. पहिल्याच रांगेतून एक हात वर आला.

"फार छान बोललात," ते गृहस्थ म्हणाले. "ते साचे कुठे मिळतील?"