अक्रा, आई आणि दादाचा फ्लेक्स

प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते. आमच्या भागात ती आधी फ्लेक्सवर छापून नाक्यावर टांगावी लागते, एवढंच.

अक्रा ही घानाची राजधानी, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसलेली. ती आमच्या घरात शिरली एका भाडेकरूमुळे. तिथला एक तरुण बोईसरच्या कारखान्यात काही महिने प्रशिक्षणाला आला होता आणि सरावलीत आमच्या वरच्या खोलीत राहत होता. मी दिवसभर पालघरच्या कॉलेजात शिकवायला. घरी आई एकटी, आणि कोणाशीही बोलायचं तर आधी तव्यावर बोंबील टाकायचे ही तिची पद्धत. दोघांचं संभाषण बोईसरच्या हिंदीत चाले. ती हिंदी दोघांपैकी कोणाचीच नसल्यामुळे चुका काढायला कोणी नव्हतं.

एकदा त्याने फोनवर त्यांच्या किनाऱ्यावरच्या होड्या दाखवल्या. लांबलचक, भडक रंगवलेल्या, बावटे लावलेल्या.

"आई, नीचे का पूरा एक ही पेड़ है," तो म्हणाला. "अंदर से खोदा हुआ."

"एकाच झाडाची? एवढी मोठी? झूठ मत बोल!"

"सच में, आई."

आईचं सगळं आयुष्य मासळी सुकवण्यात आणि विकण्यात गेलं. वडिलांची होडी लाकडाची होती. तिच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून त्यावर तेल फिरवायला आई स्वतः बसायची. आता आमच्या बंदरावर नजर टाकावी तिकडे फायबर. तो तरुण त्याच्या देशी परत गेला, पण ते झाड आमच्या घरातून हलेना.

"मला ती होडी हात लावून बघायचीय," आई म्हणू लागली. सत्तरीनंतर माणसं तीर्थांची नावं घेतात. हिने अक्राचं घेतलं.

मी चार दिवसांचा बेत आखला. तो तरुण गाडी घेऊन विमानतळावर येणार होता. अडचण पैशांची नव्हती, नारळाची होती. आमच्यात होडी निघताना घरातला थोरला दर्याला नारळ देतो. आईने हा नियम विमानालाही लावला.

"थोरल्याने नारळ दिल्याबिगर मी पाय उचलायची नाय," तिने सांगून टाकलं.

थोरला म्हणजे दादा. तारापूरकडच्या आमच्या गावात तो मच्छीमार सोसायटीचा चेअरमन आहे. गावात कोणाचं बारसं असलं तरी फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून त्याचा फोटो असतो, आणि तो बाळापेक्षा मोठा असतो.

"आफ्रिका?" दादा फोनवर ओरडला. "मास्तर, तुला अक्कल हाय का नाय? आईला दुबई दाखव, सिंगापूर दाखव. लोकांना सांगताना बरं वाटतं."

"दुबईत एका झाडाची होडी नाय, दादा."

"अक्रात पण नाय. एका झाडाची एवढी होडी होतच नाय. त्या पोराने आईला फशी पाडलं. मी नारळ देणार नाय."

आईने ते ऐकलं, आणि नवी घेतलेली बॅग मुकाट्याने पलंगाखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरच्या एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो. दादाचे फोटो त्याच्याकडे निरनिराळ्या पोजमध्ये तयारच होते. मी मजकूर दिला: 'मातोश्रींना परदेश दर्शन घडवणाऱ्या कर्तव्यदक्ष सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन!' खाली 'समस्त ग्रामस्थ'. समस्त ग्रामस्थांना मी विचारलं नव्हतं, पण त्यांना कधीच कोणी विचारत नाही. मागे अक्राचा समुद्र टाकायला सांगितलं. आईचा फोटो कोपऱ्यात, रुपयाएवढा.

सकाळी फ्लेक्स गावच्या नाक्यावर लागला. दुपारपर्यंत दादाचा तीन ठिकाणी सत्कार झाला. संध्याकाळी तो सरावलीत हजर. गळ्यात हार तसाच होता.

"आये," तो दारातूनच म्हणाला, "तयारी अजून नाय केली? लोक विचारतात मला!"

"तू तर नाय म्हणालास," आई म्हणाली.

"मी कधी म्हणालो? मास्तर सांगतो काहीबाही."

मास्तरने काहीबाही सांगितल्याचं कबूल केलं. आईने पलंगाखालून बॅग ओढून काढली, तो आवाज मला कुठल्याही सनईपेक्षा गोड वाटला.

मग सगळं मार्गी लागलं. व्हिसा मिळाला. डॉक्टरांनी आईला नीट तपासून पीतज्वराची लस द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मी कार्यक्रम वाचून दाखवला: मंगळवारी संग्रहालय, बुधवारी किनारा.

"होड्या किनाऱ्याला कधी असतात ते विचारलं काय?" आई म्हणाली.

मी विचारलं. तो तरुण म्हणाला, मंगळवारी तिथले कोळी मासेमारीला जात नाहीत, तो दर्याच्या विश्रांतीचा दिवस. संग्रहालय बुधवारी गेलं. संग्रहालयाने तक्रार केली नाही.

निघायच्या दिवशी दादाने दर्याला नारळ दिला, नारळापेक्षा मोठं भाषण दिलं, आणि फोटो काढून घेतले.

मंगळवारी अक्राच्या वाळूवर होड्यांची रांगच्या रांग होती. आई वाकली, एका होडीच्या बुडापासून टोकापर्यंत हात फिरवत चालत गेली, मग पुन्हा उलटी आली. सांधा कुठेच लागला नाही. होडीवर बसलेल्या बायका तिच्याकडे बघून हसल्या, तीही हसली. मग तिने माझ्या हातातून फोन घेऊन दादाला लावला.

"एकाच झाडाची हाय," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

तो फ्लेक्स आता आमच्या गच्चीवर जवळा वाळवायला अंथरलेला असतो. त्यावर अक्राचा म्हणून छापलेला समुद्र आमच्या शेजारच्या केळव्याचा आहे.