रंगुबाईचं पेव

बहात्तर सालच्या दुष्काळातली गोष्ट. पाथर्डीकडचं आमचं गाव, आन् पैसे मोजूनबी दुकानात ज्वारी मिळत न्हवती. मिळायचा तो परदेशातून आलेला लाल मिलो, ज्वारीचाच हलका भाऊ. त्यानं माझी पोटुशी सून दोन दिस नुसती वकत हुती.

आता घरात कुनाची किती शिल्लक, ते ऐका. लेक मच्छिंद्र बावीस वर्सांचा. त्याची समदी कमाई मनगटावरच्या घड्याळात. आमचे मालक पंचेचाळीसचे. त्यांचं पोस्टाचं पुस्तक, त्यात तीनशे रुपये. ते काय शिजवून खायचे? आन् माझी सासू रंगुबाई, सत्तरीची. तिचं अंगनात पेव. जमिनीतल्या त्या खोल खड्ड्यात सात वर्सांमागची ज्वारी ठेवलेली. लई चिवट बाई! नातवाच्या लग्नातबी पेवाला हात लावू दिला न्हाई. त्या दिशी सुनेचं तोंड बघितलं आन् म्हनाली, "उघडा."

पेव उघडलं की दिसभर आतली इखारी वाफ जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर मानूस उतरवायचा न्हाई. हे शेंबड्या पोरालाबी ठावं. पन आमाला कुठला दम! दुपारीच कंदील सोडला. दोरी आखूड, तो निम्म्यावरच लटकला. जळत हुता. तेवढ्यावर मच्छिंद्रनं कमरेला दोर बांधला.

म्हातारीनं तो सोडून आपल्या कमरेला बांधला. "तुझं समदं अजून व्हायचंय. माझं काय ऱ्हायलंय? सर बाजूला."

आमी नगं नगं म्हनेस्तवर ती खाली उतरलीसुदिक. ज्वारी वरबाडल्याचा आवाज आला. मग थांबला.

"आत्याबाई!"

तिघांनी मिळून वर वढलं. मान लुळी पडलेली, डोळे मिटलेले, पन पदराची गाठ दोनी हातांत गच्च. घागरीतलं उरलंसुरलं पानी तिच्या तोंडावर मारलं. गेली म्हनून मी हंबरडाच फोडला.

तेवढ्यात ती खोकली. डोळे न उघडताच इचारलं, "सांडली का गं?"

"आग लागो त्या ज्वारीला!" मी वरडले. पंचवीस वर्सांत सासूला उलटं बोलले न्हवते. "सात वर्सं राखली ती जीव द्यायला व्हय?"

ती शांतपने म्हनाली, "तुझ्या सुनेला भाकर टाक. उद्या पुन्यांदा उतरीन."

मी दोर उचलला, माझ्याच कमरेला गुंडाळला, आन् तशीच ती ज्वारी दळून भाकरी थापायला बसले.