शकीलानं निवडलेला शाळू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शाळू निवडणं. दुपारची वेळ होती, ऊन सरकत उंबऱ्यापाशी आलेलं, तिच्या पुढ्यात सूप आणि माझ्या पुढ्यात परात. चांगला दाणा परातीत टाकायचा. खडा, फुटका, किडका जुन्या पेपरवर. मला आता बारीक काही धड दिसत नाही, मी नुसता हात फिरवायचो. ती मधनंच माझ्या परातीत बोट घालायची, एखादा दाणा उचलून माझ्या नाकापुढं धरायची. "आवं, ह्यो काय हिरा हाय व्हय, जपून ठेवलाय?" मी म्हणालो, "आसू दे की. पीठ झाल्यावर कोण वळखतंय?" "वळखणारा वळखतो," ती म्हणाली. ती कुणाबद्दल बोलतेय ते मला ठाऊक होतं. मी तो दाणा पेपरवर टाकला. थोड्या वेळानं म्हणाली, पाठ भरून आल्यागत होतंय, जरा पडते. सूप अर्धंच राहिलं. सांजेला मगरीबची अजान झाली तशी मी हाक मारली... ती उठली नाही.

शकीला माझी बायको. माहेर कडेगावचं. उंब्रजच्या बाजारात माझ्या शेजारी बसून तिनं जन्मभर भाजी विकली. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहायची सवय नाही. पण तिच्या बहिणीचा लेक आसिफ म्हणाला, "खालू, पेपरात लोकं आपल्या माणसाबद्दल लिवत्यात. खाला कशी होती ते तुमी बी लिवा." कशी होती म्हणजे? कामाला वाघीण होती, तोंडानं फटकळ होती. आणि तिच्या मनात एक काटा मोडून बसला होता तो मरेपर्यंत निघाला नाही. आसिफनं सांगितलंय म्हणून लिहितो, पण त्या काट्याची सुरुवात आसिफपासनंच होते. त्याला हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे. खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला?

शकीलाची धाकटी बहीण जैबू कऱ्हाडात दिली होती. तिच्या मालकाचा शेरडामेंढरांचा धंदा. आम्ही दुसऱ्याचं रान वाट्यानं करणारे. तिचा आसिफ आणि आमची नसीम एकाच वयाची. एका पावसाळ्यात दोघांनाही टायफॉइड झाला. कऱ्हाडला एकाच दवाखान्यात, खाटेला खाट लागून दोघं पडलेली, आणि बाहेर दोघी बहिणी एकीच्या खांद्यावर दुसरीनं मान टाकून बसलेल्या. पोरावरचं संकट टळावं म्हणून आमच्यात सदका देतात. अल्लाच्या नावानं काहीतरी गोरगरिबाला वाटायचं. जैबूनं कळपातला देखणा बोकड कापून वाटला. आमच्याकडं बोकड कुठला? घरात आमच्या वाट्याचा शाळू होता. शकीला एसटीनं घरी आली, पोतं जमिनीवर ओतलं आणि दाणा न् दाणा निवडला. मोत्यासारखा होता तेवढा सगळा वाटून टाकला. उरलेल्या किडक्याच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. कडू लागत होत्या. आसिफ उठून बसला, डाळ-भात मागायला लागला. नसीम गेली.

पुढच्या बकरी ईदला मौलानांनी मशिदीत आदमच्या दोन लेकांची गोष्ट सांगितली. हाबील मेंढरं राखायचा, काबील शेत करायचा. दोघांनी अल्लापुढं आपापली भेट ठेवली. हाबीलनं चांगल्यातलं मेंढरू दिलं, काबीलनं हलकंसलकं धान्य. आभाळातनं आग आली आणि मेंढरू तेवढं घेऊन गेली. धान्य पडून राहिलं. काबीलनं जळफळून भावाचा जीव घेतला. भोंग्यावरनं हे सगळ्या गल्लीत ऐकू येत होतं. मी नमाजवरनं घरी आलो तर शकीला पिठाचे हात तसेच घेऊन बसलेली.

"आवं, माझं हलकं न्हवतं."

"न्हवतं."

"तुमी बघितलं होतं न्हवं?"

"बघितलं होतं की."

"मग?"

मी तांब्या घेऊन तिच्या हातावर पाणी घातलं. परत कधीतरी ती म्हणाली, "ज्याच्या घरी मेंढरं, त्यो मेंढरू देणार. ज्याच्या घरी दाणं, त्यो दाणंच देणार की वं. त्यात त्याचं काय चुकलं?" आणि तेव्हापासनं तिला निवडायचा नादच लागला. तांदूळ असो, डाळ असो, दोनदा-तीनदा निवडायची. जैबू चेष्टा करायची, "आपा, आता दाण्याला त्याच्या बापाचं नाव बी इचार गं!" शकीलाही हसायची. जैबूला यातलं काहीच माहीत नव्हतं. शकीलानं तिला कधी कळू दिलं नाही.

आसिफ सुट्टीला यायचा तेव्हा शकीला त्याला दुधावरची सगळी साय घालायची. माझ्याही वाटची. एकदा तो जेवून खेळायला गेला आणि ही खरकट्या ताटापाशी बसूनच राहिली. म्हणाली, "मला एकदा वाटलं होतं... ह्यो गेला असता आन् माझी ऱ्हायली असती तर. म्हंजी मी काबीलच झाले न्हवं? म्हणूनच माझं घेतलं न्हाई." मी चिडलो. म्हणालो, "अगं खुळे, ते तुझ्या मनात आलं पोर गेल्यावर. दाणं तर तू आधी दिलं होतंस." "त्याला आधीचं आन् नंतरचं समदंच ठावं असतंय की," ती म्हणाली.

मौलाना नवे आले तसा मी एकटाच जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, अल्ला वस्तू बघत नाही, नीयत बघतो. मी म्हणालो, "तिनं पोरीच्या जिवासाठी चांगलं देऊन किडकं खाल्लं, मौलानासाब. ह्याच्यापरीस चांगली नीयत कुठं मिळती सांगा, तितनं आणतो." मग म्हणाले, "चाचा, मला माहीत नाही." खरं बोलले. पण ते घेऊन मी घरी काय जाणार होतो? तिला सांगितलंच नाही.

तिची माती झाली त्या दिवशी आमची चूल बंद. जेवण जैबूनं आणलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. झाडायला म्हणून उठली आणि कोपऱ्यात थबकली. "दाजी, ह्यो पेपरावरचा किडका टाकून देऊ?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर मी परातीतला चांगला शाळू, पेपरवरचा किडका आणि सुपात अर्धा राहिलेला, सगळा एका फडक्यात ओतला. हातानं कालवला. कुठला चांगला नि कुठला टाकलेला, मला तसंही दिसत नव्हतं. कब्रस्तानात जाऊन तिच्या ओल्या मातीवर पसरला. पाखरं खातात म्हणून आमच्याकडं कबरीवर दाणे टाकतात. शेजारच्या चिंचेवर पाखरं कलकलत होती. मी बसून राहिलो. ऊन वर आलं, माती वाळायला लागली. एकही पाखरू खाली उतरलं नाही. दाणे होते तसे पडून राहिले. मग मी फडकं झटकलं, घरी आलो आणि सूप खुंटीला अडकवलं.